सराव संपल्यावरची दहा मिनिटं: प्रशिक्षकाने स्वतःच्या कामाकडे पाहण्याची सवय कशी लावायची

२०२३ साली आइल ऑफ मॅनला नाशिकच्या विदित गुजराथीने ग्रँड स्विस बुद्धिबळ स्पर्धा जिंकली. त्या स्पर्धेतला त्याचा कुठलाही डाव आज पहिल्या चालीपासून शेवटच्या चालीपर्यंत पुन्हा मांडून पाहता येतो. बुद्धिबळात चाली लिहाव्याच लागतात, त्यामुळे निकाल काहीही लागो, कागद मागे उरतो. मैदानावरच्या प्रशिक्षकाचं तसं नाही. संध्याकाळच्या दीड तासात तो कितीतरी निर्णय घेतो. कुणाला पुढे उभं केलं, कुणावर आवाज चढवला, कुठला ड्रिल मधेच सोडला, कुणाकडे दीड तासात एकदाही पाहिलं नाही. शेवटची शिट्टी वाजली की यातलं काही शिल्लक राहत नाही. राहते ती एकच भावना: आज बरं झालं, किंवा आज मुलं लक्षच देत नव्हती.

आठवणीच्या भरवशावर राहावं म्हटलं तर तीही साथ देत नाही. इयान फ्रँक्स आणि गॅरी मिलर या अभ्यासकांनी १९८६ साली फुटबॉल प्रशिक्षकांना सामना दाखवून त्यात काय काय घडलं ते विचारलं. निम्म्याहून कमी गोष्टी त्यांना बरोबर सांगता आल्या. हे नुसते बसून सामना पाहणाऱ्यांचं झालं. इथे आपण शिट्टी वाजवतो, पळतो, पालकांचे फोन घेतो आणि एखाद्याच्या घोट्याला बर्फही लावतो.

म्हणून लिहायचं. पण काय लिहायचं, किती, कधी, आणि लिहिलेल्याचं पुढे काय करायचं, याची ही पायरीपायरीने मांडणी. शाळेत पीटी शिकवून संध्याकाळी बॅच घेणारे, क्लबात मानधनावर काम करणारे, गल्लीतल्या मुलांना हौसेने कबड्डी शिकवणारे, सगळ्यांना ती चालेल. खेळ कुठलाही असो.

आधी हे ठरवा: वही कुणाबद्दल आहे

बऱ्याच प्रशिक्षकांकडे वही असतेच. तिच्यात हजेरी असते, ४०० मीटरच्या वेळा असतात, वजनं असतात, कुणाची फी बाकी ते असतं. ही वही गरजेची आहे, पण ती खेळाडूंची. आपल्याला हवी ती दुसरी वही, आणि तिच्यातल्या वाक्यांचा कर्ता 'मी' असला पाहिजे. "मुलं थकलेली होती" हे वाक्य तिथे चालत नाही. "मुलं थकलेली दिसली तरी मी स्प्रिंटचा तिसरा सेट घेतला" हे चालतं. पहिल्या वाक्यावर उद्या करण्यासारखं काही नसतं. दुसऱ्यावर असतं.

या वहीत खेळाडूंबद्दल निकालही लावायचे नाहीत. 'याला जमणार नाही', 'हिची उंची कमी', 'हा गंभीर नाही' असले शेरे एकदा कागदावर उतरले की आपण त्यांचे पुरावे शोधत राहतो. चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ सैन्यात गेल्यावर पहिल्यांदा रोइंगच्या बोटीत बसला. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये तो सिंगल स्कल्समध्ये, म्हणजे एकट्याने बोट वल्हवायच्या शर्यतीत, १३ वा आला आणि २०१८ च्या आशियाई स्पर्धेत चौघांच्या संघातून त्याने सुवर्ण जिंकलं. तो बारा वर्षांचा असताना कुणी त्याच्याबद्दल खेळाडू म्हणून शेरा लिहिला असता तर काय लिहिला असता, याचा विचार करून पाहा.

वेळ आणि जागा

'रात्री निवांत लिहू' हा बेत टिकत नाही. घरी गेल्यावर जेवण, मुलांचा अभ्यास, ग्रुपवरचे मेसेज, नंतर झोप. सराव संपल्यापासून मैदान सोडेपर्यंतच्या वेळातच लिहा. साहित्य गोळा झालं, शेवटचं मूल पालकांच्या ताब्यात गेलं, की गाडीला किल्ली लावण्याआधी दहा मिनिटं. नाशकात सातपूर-अंबडच्या कारखान्यांत शिफ्टमध्ये काम करणारे पालक कधीकधी अर्धा तास उशिरा येतात. तोवर मुलाबरोबर थांबावंच लागतं, तो वेळ याच कामाचा.

सवय एखाद्या आधीपासून पक्क्या असलेल्या कामाला बांधली की टिकते. कोन गोळा करून पिशवीत टाकणं, जाळी सोडणं, खुंट उचलून ठेवणं, असं रोज न चुकता होणारं शेवटचं काम निवडा. ते झालं की वही. वही त्याच पिशवीत ठेवा. खिशात मावणारी, जाड पुठ्ठ्याची घ्या. पावसाळ्यात प्लास्टिकच्या पिशवीत घालून ठेवा. फोनवर लिहिलं तरी हरकत नाही, पण फोन उघडला की नोटिफिकेशन समोर येतात. मी कागदाच्या बाजूचा आहे.

दिवसाला दोन-तीन बॅच असतील तर प्रत्येकीचं लिहायला जाऊ नका. आठवड्यासाठी एक बॅच निवडा, शक्यतो जी घ्यायला मनातून नको वाटतं ती.

तीन ओळी, जास्त नाही

रोजच्या नोंदीला तीन ओळी पुरतात:

१. आज मी काय घडवायचं ठरवलं होतं?
२. मी प्रत्यक्षात काय केलं, आणि त्यावर मुलांनी काय केलं?
३. उद्या मी कुठली एक गोष्ट वेगळी करणार?

पहिली ओळ सरावाच्या आधी लिहायची. एवढं पाळलं तरी अर्धं काम होतं. ठरवलंच नसेल तर फसलं की जमलं हे कशावरून म्हणणार? 'आज ड्रिबलिंग घेऊ' याला ठरवणं म्हणत नाहीत. 'आज डाव्या हाताने ड्रिबल करताना मान वर राहिली पाहिजे' हे ठरवणं.

दुसऱ्या ओळीत डोळ्यांना दिसलेलं आणि कानांनी ऐकलेलं लिहा, त्याचा अर्थ लावू नका. दोन नोंदी शेजारी ठेवून पाहा.

"आजचा सराव ठीक. मुलींचं लक्ष नव्हतं. उद्या शिस्त हवी."

"रिले बॅटन बदल शिकवायचा होता. मी सलग बोलत राहिलो, तोवर मागच्या चौघी बुटांच्या लेस बांधत बसल्या. पहिल्या सहा बदलांत बॅटन तीनदा पडलं. उद्या आधी दोन बदल करून दाखवणार, बोलणं नंतर, तेही एका वाक्यात."

पहिली नोंद महिन्याभराने वाचली तर काही कळणार नाही. दुसरीतून महिन्याभराने पॅटर्न निघतो. आणि तिसऱ्या ओळीत एकच गोष्ट लिहा. 'उद्यापासून कमी बोलणार, जास्त दाखवणार, सगळ्यांना नावाने हाक मारणार' असे तीन संकल्प केले की तिन्ही बुडतात.

चांगल्या दिवशीही लिहायचं. फक्त चिडलेल्या दिवशी लिहिलं तर वही तक्रारवही होते, आणि जे जमलं ते का जमलं हे कधीच कळत नाही.

मैदानावर असतानाच

काम चालू असताना त्याच क्षणी केलेला विचार आणि काम संपल्यावर केलेला विचार, यातला फरक अमेरिकन अभ्यासक डोनाल्ड शॉन यांनी १९८३ मध्ये मांडला. अनुभवी प्रशिक्षक पहिला प्रकार नकळत करतात: ड्रिल चालत नाही असं दिसताच मैदान लहान करतात, एक गडी कमी करतात, चेंडू बदलतात. नवख्याला तो क्षणच सापडत नाही.

त्यासाठी एक युक्ती आहे. सरावाच्या साधारण मध्यावर, पाणी प्यायच्या वेळी, मुलांपासून दहा पावलं दूर जाऊन उभे राहा आणि स्वतःला एकच विचारा: आत्ता जे चाललंय ते ठरवलेल्या गोष्टीसाठी चाललंय का? नसेल तर उरलेल्या वेळात काय सोडायचं ते ठरवा. मुलं पाणी पितात तेवढ्यात हे होतं.

दुसरी युक्ती मोजणीची. एक मूल निवडा. सर्वांत हुशार नको, सर्वांत खोडकरही नको. दहा मिनिटं फक्त त्याच्याकडे पाहा आणि ते प्रत्यक्ष हालचाल करत असेल तेवढाच वेळ स्टॉपवॉच चालू ठेवा. रांगेत उभं असेल तेव्हा बंद. लेअपसाठी एकाच बास्केटसमोर वीस मुलांची रांग लावली असेल तर येणारा आकडा पाहून तुम्ही दुसऱ्याच दिवशी चार रांगा कराल.

स्वतःचा आवाज ऐका

हा भाग सगळ्यांना नकोसा वाटतो आणि सर्वांत उपयोगी हाच आहे. महिन्यातून एकदा फोनचा रेकॉर्डर चालू करून फोन वरच्या खिशात ठेवा. वीस मिनिटं पुरेत. मुलांना सांगा की सर स्वतःचं बोलणं तपासणार आहेत. लपवून काही करू नका. घरी हेडफोन लावून ऐका आणि कागदावर चार रकाने पाडा: माहिती दिली (काय करायचं, कसं करायचं), कौतुक केलं, रागावलो, प्रश्न विचारला. प्रत्येक वाक्याला एक रेघ.

१९७४-७५ च्या हंगामात रोलंड थार्प आणि रोनाल्ड गॅलिमोर या दोन मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेतले बास्केटबॉल प्रशिक्षक जॉन वुडन यांचे सराव असेच बसून नोंदवले. त्या हंगामाअखेर वुडन यांच्या संघाची बारा वर्षांतली दहा राष्ट्रीय विजेतेपदं झाली. नोंदवलेल्या २,३२६ कृतींपैकी सुमारे ७५ टक्के कृतींत निव्वळ माहिती होती. कौतुक ६.९ टक्के, नापसंती ६.६ टक्के. जोशपूर्ण भाषणं जवळपास नाहीत.

हा आकडा वाचून 'कौतुक कमी करायला हवं' असा निष्कर्ष काढणारे भेटतात. वुडन यांच्यासमोर देशातले निवडक कॉलेज खेळाडू होते. इंदिरानगरच्या दहा वर्षांच्या मुलाला पहिल्यांदा सर्व्हिस जाळीपलीकडे गेल्यावर 'शाब्बास' लागतं, ते त्याला द्या. घ्यायचं ते एवढंच की तुमच्या 'शाब्बास'मध्ये आणि 'अरे काय हे'मध्ये माहिती आहे का. 'शाब्बास, कोपर वर राहिलं' यात आहे. 'जोर लाव, जोर लाव' यात काही नाही. तो तुमचा आपला व्यायाम.

त्याच रेकॉर्डिंगवर आणखी एक मोजणी करा. बॅचमधल्या सगळ्यांची नावं लिहा आणि ज्याचं नाव तुमच्या तोंडून आलं त्याच्यापुढे खूण करा. बहुधा पुढे असणाऱ्यांच्या आणि दंगा करणाऱ्यांच्या नावापुढे खुणांची माळ लागते. मधली सात-आठ मुलं कोरी राहतात. सराव सोडून जाणारी मुलं बरेचदा याच कोऱ्या यादीतली असतात.

मुलांकडून काढून घ्या

"कसा झाला सराव?" असं विचारलं की "मस्त, सर" एवढंच उत्तर येतं. आपल्याकडे सरांसमोर खरं बोलायची पद्धत नाही, आणि ती एका दिवसात बदलायची अपेक्षाही धरू नये. म्हणून प्रश्न असा विचारायचा की उत्तर द्यायला धीर लागू नये.

सर्वांत सोपं साधन श्रमाच्या अंकांचं. शून्य म्हणजे काहीच श्रम नाहीत, दहा म्हणजे यापुढे शक्यच नाही. सराव किती जड गेला ते मुलांनी अंकात सांगायचं. कार्ल फॉस्टर यांनी रूढ केलेल्या पद्धतीत हा अंक सरावानंतर सुमारे अर्ध्या तासाने घेतात आणि सरावाच्या मिनिटांनी गुणतात: ६० मिनिटं आणि ७ अंक म्हणजे भार ४२०. अर्धा तास थांबणं आपल्याकडे जमत नाही. स्ट्रेचिंग संपल्यावर घेतलात तरी चालेल, फक्त रोज त्याच वेळी घ्या. डोळे मिटून छातीपाशी बोटं दाखवायला सांगा, नाहीतर सगळे कॅप्टनकडे पाहून बोटं धरतात.

मुलांचा अंक पाहण्याआधी तुमचा अंदाज वहीत लिहा. खरी गंमत इथे आहे. फॉस्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांना २००१ मध्ये असं आढळलं की प्रशिक्षकाने हलका ठेवलेल्या दिवशी धावपटू ठरवल्यापेक्षा जास्त जोर लावतात आणि जड ठेवलेल्या दिवशी कमी. म्हणजे कागदावर चढउतार असलेला आठवडा प्रत्यक्षात सपाट होतो. तुमच्या बॅचमध्ये असंच चाललंय का, हे दोन-तीन आठवड्यांच्या अंकांवरून दिसेल. पायांच्या दुखण्याची कारणंही तिथेच सापडू शकतात.

आठवड्यातून एकदा चिठ्ठी घ्या, नाव न लिहिता. प्रश्न एकच ठेवा, उदाहरणार्थ "या आठवड्यात सरांचं कुठलं सांगणं कळलं नाही?" मुलींच्या बॅचला पुरुष प्रशिक्षक असेल तर चिठ्ठ्या एखाद्या ताईने किंवा मॅडमने गोळा कराव्यात. आणि चिठ्ठीत आलेल्या एका तरी गोष्टीवर पुढच्या आठवड्यात काहीतरी केलेलं मुलांना दिसू द्या. नाहीतर पुढच्या वेळी कोऱ्या चिठ्ठ्या येतील.

गैरहजेरीची कारणंही विचारूनच घ्या, ठरवून टाकू नका. निफाड-दिंडोरीकडून येणारी मुलं द्राक्षाच्या हंगामात दांडी मारतात तेव्हा घरी खरंच हात कमी असतात. थंडीत सकाळी सहाच्या बॅचला अर्धी मुलं नसतील तर प्रश्न शिस्तीचा आहे की वेळेचा, याचं उत्तर वहीत तुमच्याच नावावर लिहायचं आहे.

आठवड्याला एक प्रसंग, नीट उलगडून

रोजच्या तीन ओळी हा कच्चा माल. आठवड्यातून एकदा त्या वाचायच्या आणि एकच प्रसंग निवडायचा. जो मनात रुतलाय तो, मग तो किरकोळ का असेना. त्यासाठी ग्रॅहम गिब्ज यांनी १९८८ मध्ये मांडलेलं सहा टप्प्यांचं चक्र वापरता येतं. शिक्षणक्षेत्रासाठी केलेलं हे चक्र पुढे नर्सिंगपासून क्रीडाप्रशिक्षणापर्यंत पोहोचलं. रोज ते करायला घेतलं तर आठवडाभरात कंटाळा येईल, पण आठवड्याला एकदा पेलतं. एक कल्पित प्रसंग घेऊन पाहू.

समजा, तुम्ही १७ वर्षांखालच्या मुलींना खो-खो शिकवता. जिल्हा स्पर्धा जवळ आली आहे. बुधवारी पाठलागाच्या सरावात एक मुलगी खो मिळाल्यावर वारंवार उशिरा उठत होती. चौथ्या वेळी तुम्ही ओरडलात, "कितीदा सांगायचं?" पुढच्या दोन वेळा ती खो मिळण्याआधीच उठली आणि फाऊल झाला. मग ती गप्प झाली.

*काय घडलं?* वर लिहिलं तेवढंच, विशेषणांशिवाय. तुम्ही कुठे उभे होतात, ती कितव्या जागेवर बसली होती, तिचं तोंड कुठे होतं, हेही लिहा. उभं राहण्याची जागा ही प्रशिक्षकाच्या नोंदीत सर्वांत कमी येणारी आणि बरेचदा सर्वांत महत्त्वाची गोष्ट.

*मनात काय होतं?* हा टप्पा पुरुष प्रशिक्षक हमखास गाळतात. गाळू नका, दोन शब्द लिहा. स्पर्धेची धास्ती होती? संस्थेचे पदाधिकारी बाकावर बसून पाहत होते? दिवसभर शाळेत सात तास घेऊन आला होतात? ओरडण्याचं कारण त्या मुलीच्या उठण्यात जितकं असतं तितकंच इथेही असू शकतं.

*काय जमलं, काय फसलं?* बाकीच्यांची साखळी चांगली झाली. हिचं उठणं सुधारलं नाही, उलट बिघडलं.

*कारण काय?* इथे रेंगाळा. पहिलं कारण जे सुचतं ते बहुधा मुलीबद्दल असतं: लक्ष नाही, भित्री आहे. ते खोडा आणि पुन्हा विचारा. खो-खोत बसलेले आठ जण आळीपाळीने विरुद्ध दिशांना तोंड करून असतात. तुम्ही एका बाजूला उभे राहून हातवारे करून समजावलंत तेव्हा आठांपैकी चौघींची पाठ तुमच्याकडे होती. त्यांनी फक्त आवाज ऐकला. ही मुलगी त्या चौघींतली होती का? दुसरं: तुम्ही एकाच वेळी दोन सूचना दिल्या, लवकर उठ आणि दिशा चुकवू नको. दोन्ही एकदम सांभाळायच्या म्हटल्यावर ती थबकली असेल. तिसरं: 'लवकर' हा शब्द. कशाच्या आधी लवकर, हे सांगितलंच नव्हतं, म्हणून ती खो मिळण्याआधी उठली. म्हणजे तिने तुमचं ऐकलंच होतं.

*दुसरं काय करता आलं असतं?* सगळ्यांना बसवण्याआधी एका बाजूला गोळा करून दाखवता आलं असतं. तिची जागा बदलून पाहता आली असती. ओरडण्याऐवजी तिला विचारता आलं असतं की खो ऐकून उठतेस की हाताचा स्पर्श झाल्यावर.

*आता काय?* शुक्रवारी बसवण्याआधी दाखवणार. सूचना एकच, "पाठीला हात लागला की उठायचं". समजावून झाल्यावर मैदानाच्या दुसऱ्या बाजूला जाऊन तेच पुन्हा. आणि पहिल्या वीस खोंपैकी किती नीट झाले ते मोजणार.

शेवटचा आकडा महत्त्वाचा. मोजण्याजोगं काही ठरवलं नाही तर पुढच्या आठवड्यात 'सुधारणा वाटते' असं लिहून आपण मोकळे होतो. आकडा सुधारला नाही तर तुमचं 'कारण' चुकलं होतं. तसं लिहा आणि दुसरं कारण तपासा.

रविवारची मिसळ

एकट्याने लिहिताना माणूस स्वतःची बाजू घेतो, किंवा उलट स्वतःला झोडपत बसतो. दोन्हींवर उपाय म्हणजे एक जोडीदार. तो शक्यतो दुसऱ्या खेळाचा असावा. कबड्डीच्या प्रशिक्षकासमोर कबड्डीचा प्रशिक्षक बसला की गप्पा पकडीवर आणि निवड समितीवर जातात. सावरकर तलावावर पोहणं शिकवणाऱ्याला किंवा व्यायामशाळेत मल्लखांब शिकवणाऱ्याला तुमच्या खेळातलं फार कळत नाही, म्हणून तो बाळबोध प्रश्न विचारतो: "पण ती मुलं रांगेत का उभी असतात?" असेच प्रश्न हवे असतात.

दोन आठवड्यांतून एकदा, रविवार सकाळ. नाशकात मिसळीला निमित्त लागत नाही, इथे ते आयतंच आहे. नियम थोडे पाळा. एकाने प्रसंग वाचायचा, दुसऱ्याने आधी फक्त प्रश्न विचारायचे. सल्ला शेवटी, तोही मागितला तर. खेळाडूचं नाव घ्यायचं नाही. नाशिकचं क्रीडाक्षेत्र मोठं दिसलं तरी गोल्फ क्लबच्या मैदानावर बोललेलं संध्याकाळपर्यंत हिरावाडीच्या संकुलात पोहोचतं.

महिन्यातून एकदा एकमेकांचा सराव प्रत्यक्ष पाहता आला तर उत्तम. पाहणाऱ्याला एकच काम द्या: "मी कुणाशी बोलत नाही ते पाहा." मोकळं सोडलं तर तोही शिकवायला लागतो.

स्पर्धेच्या दिवसांत

शालेय स्पर्धा सुरू झाल्या की तालुका, जिल्हा, विभाग अशी धावपळ लागते आणि वही बंद पडते. अशा वेळी तीन ओळींची एक ओळ करा, पण खंड पाडू नका. हरल्यावर तासाभरात विश्लेषण मात्र करू नका. तेव्हा पंच, मैदान आणि नशीब यांच्यापलीकडे काही सुचत नाही. त्या दिवशी फक्त घटना लिहा: टाइमआउट कधी घेतला, त्यात कोणते शब्द बोललो, बदली खेळाडू कधी उतरवला. कारणं दुसऱ्या दिवशी.

जिंकल्यावरही तेच करा. जिंकलेल्या सामन्याची चिकित्सा कुणी करत नाही, आणि चुकीचे निर्णय तिथेच लपून बसतात. खेळामुळे परीक्षेत मिळणाऱ्या सवलतीच्या गुणांसाठी पालकांचा जीव टांगलेला असतो, संस्थेला बातमीत फोटो हवा असतो. त्या दोघांची मोजपट्टी निकालाची. हरसूलजवळच्या सावरपाड्याची कविता राऊत २०१० मध्ये दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरचं कांस्य आणि ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत रौप्य घेऊन आली तेव्हापासून नाशकातल्या प्रत्येक धावण्याच्या बॅचमध्ये 'पुढची कविता' शोधली जाते. शोधायला हरकत नाही. पण वहीत पदकं मोजू नका. आज तुम्ही काय केलं ते मोजा.

वहीत काय नको, आणि काय वहीतच ठेवायचं नाही

मुलांची पूर्ण नावं, आजार, घरच्या भानगडी लिहू नका. आद्याक्षरं किंवा क्रमांक पुरतात. वही पिशवीत राहते आणि पिशवी कुणीही उघडतं. व्हिडिओ काढायचा तर पालकांची लेखी परवानगी घ्या, कशासाठी ते सांगा, काम झालं की पुसून टाका आणि ग्रुपवर कधीही टाकू नका.

एक गोष्ट मात्र 'लिहून ठेवली, पुढच्या आठवड्यात विचार करू' या सदरात बसत नाही. एखाद्या मुलाच्या बोलण्यातून किंवा वागण्यातून लैंगिक अत्याचाराची शंका आली तर ती कळवणं २०१२ च्या पोक्सो कायद्याने बंधनकारक आहे. आपण चौकशी करत बसायचं नाही. पोलिसांना किंवा विशेष बाल पोलिस पथकाला कळवायचं. मदतीसाठी १०९८ हा क्रमांक आहे.

खंड पडला तर

पडतो. लग्नसराई येते, निवडणुकीची ड्यूटी लागते, ताप येतो. राहिलेल्या दिवसांच्या नोंदी आठवून भरू नका. त्या कल्पित असतात. आजची तारीख टाका आणि पुढे चला. महिना उलटूनही लिहिणं होत नसेल तर बहुधा तुम्ही फार लिहित आहात. एका ओळीवर या: "उद्या मी काय वेगळं करणार?" फक्त तेवढीच, पण रोज.

आणि काही आठवडे लिहूनही तिसऱ्या ओळीत तेच ते येत असेल, जसं की 'कमी बोलणार', तर समजा की संकल्प फार मोठा आहे. त्याचे तुकडे करा: वॉर्मअपमध्ये एकही सूचना देणार नाही, कॅप्टन घेईल. हे उद्याच करता येतं आणि झालं की नाही हेही लगेच कळतं.

वर्षाच्या शेवटी, शाळांच्या परीक्षा आटोपून उन्हाळी शिबिरांची गर्दी सुरू व्हायच्या आधी, वही घेऊन एक सकाळ बसा. जॉन वुडन आपल्या सरावांच्या नोंदी वर्षानुवर्षं जपून ठेवत आणि मागच्या हंगामात याच सुमाराला काय घेतलं होतं ते पाहून आजचा सराव आखत. आपल्याला त्यातलं थोडं जमलं तरी पुरे. तीन याद्या करा: वारंवार आलेल्या अडचणी, उपयोगी पडलेले बदल, आणि वातावरण-कॅलेंडरच्या गोष्टी. पाऊस लागल्यावर काळ्या मातीचं मैदान किती दिवस बंद राहिलं, तेव्हा व्हरांड्यात काय घेतलं, सहामाही परीक्षेत हजेरी कितीवर आली, हे तिसऱ्या यादीत. २०२७ च्या सिंहस्थातल्या पर्वणीच्या दिवसांत पंचवटीत सराव घेणाऱ्यांनी त्यात आत्ताच एक ओळ जोडावी.

पहिल्या यादीतली एकच अडचण उचला आणि तिच्यावरचा उपाय शिबिराच्या बॅचवर करून पाहा. ती मुलं नवी असतात, तुमच्या जुन्या सवयी त्यांना ठाऊक नसतात आणि तीन-चार आठवड्यांनी ती घरी जातात. वेगळं काही करून पाहायला वर्षभरात यापेक्षा सोयीची बॅच मिळत नाही.